कोनाड्याला सोनेरी हात

घरात सोनेरी रंग लावायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अख्खी भिंत येते. दिवाणखान्यातली, टीव्हीच्या मागची, दारातून शिरताच अंगावर येणारी. रंगाच्या दुकानातल्या छापील पुस्तकांत तीच भिंत असते, नव्या फ्लॅटच्या जाहिरातीतही तीच. पहिले पंधरा दिवस पाहुण्यांना दाखवण्यात बरे जातात. मग दुपारच्या तिरप्या उन्हात रोलरचे पट्टे दिसू लागतात, रात्री पांढऱ्या ट्यूबखाली भिंत शेवाळी वाटते आणि तिच्यापुढे ठेवलेले चांगले सागवानी कपाटही उगाच केविलवाणे दिसते. सोनेरी रंगाचे खरे काम आसपासच्या वस्तूंवर उजेड परतवण्याचे. बघणाऱ्याची नजर रंगावरच अडकायला लागली की जागा चुकली, असे खुशाल समजावे.

म्हणून ही कृती देवघराच्या कोनाड्याची आहे. जुन्या घराच्या जाड भिंतीतला कोनाडा असो किंवा फ्लॅटमध्ये कपाटाच्या कडेला सुताराकडून काढून घेतलेला, पद्धत जवळपास तीच. हिशेबासाठी तीन फूट रुंद, चार फूट उंच आणि नऊ इंच खोल असा कोनाडा धरू. सोनेरी रंग लागेल तो आतल्या दोन्ही बाजूंना, वरच्या छताला आणि बाहेरच्या कडेने फिरणाऱ्या तीन इंची पट्टीला. मागची भिंत गडद राहील.

इथेच घरातून पहिला विरोध होतो, कारण देवामागेच तर सगळ्यांना सोनेरी हवे असते. पण आपल्याकडचे देव बहुधा पितळेचे. बाळकृष्ण पितळी, अन्नपूर्णा पितळी, घंटा आणि समईही पितळी. ही सगळी मंडळी सोनेरी भिंतीपुढे बसवली की चार पावलांवरून कोणाचीही कड दिसत नाही. मागे गडद मरून, बाटलीसारखा हिरवा किंवा रात्रीचा निळा असला की तोच बाळकृष्ण पुढे रांगत येतो, आणि दोन्ही बाजूंच्या सोन्यावरून परतलेला समईचा उजेड त्याच्या अंगावर पडतो. देव संगमरवरी असतील तर मात्र मागे सोनेरी चालून जाते. पांढरा दगड त्यापुढे हरवत नाही.

जुन्या कारागिरांनी हे कधीच ओळखले होते. तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२), बहरलेल्या तंजावर चित्रांत सोन्याचा पत्रा लागतो तो दागिन्यांना, वस्त्रांच्या काठांना, खांबांना आणि महिरपीला. देवाचे अंग रंगानेच रंगवतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये तिकीट-दालनाला स्टार चेंबर म्हणतात ते निळ्या छतावरच्या सोनेरी ताऱ्यांमुळे. अख्खे छत सोनेरी केले असते तर तारे कुठे राहिले असते?

आधी दिवा, मग रंग

ही पायरी लोक शेवटी करतात आणि फसतात. सोनेरी रंगाला स्वतःची छटा जितकी असते त्याहून जास्त ती समोरच्या दिव्याची असते. आपल्या घरांत सर्रास लागणारे ‘कूल डेलाइट’ दिवे ६५०० केल्व्हिनचे असतात. त्यांच्या निळसर पांढऱ्या उजेडात सोनेरी रंग हिरवट, मेलेला दिसतो. कोनाड्यासाठी २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला दिवा घ्यावा. एलईडीची पट्टी वरच्या पट्टीच्या आतल्या कडेला, पुढून दिसणार नाही अशी, तोंड मागे करून बसवावी. दिवा उघडा दिसत असेल तर डोळे त्याच्याशीच झगडत बसतात आणि सोन्याचा मंदपणा दिसतच नाही.

हा मंदपणाच मोलाचा. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी याने १९३३ साली लिहिलेल्या निबंधात मोठ्या जुन्या वास्तूंच्या अंधाऱ्या आतल्या दालनांतील सोनेरी पडद्यांचे वर्णन केले आहे. बागेतला दूरचा उजेड तिथवर जेमतेम पोचतो, आणि तो टिपून घेतात ते हेच पडदे. आपली समईही असाच थोडासा उजेड देते. कोनाडा खिडकीच्या अगदी समोर असेल तर सोनेरीचा नाद सोडून साधा चंदनी रंग लावलेला बरा.

वायरिंग, दिवा, स्विच यांचे काम रंगाच्या आधी पूर्ण करून घ्यावे. सोनेरी भिंतीवर नंतर छिद्र पाडून केलेली दुरुस्ती कायम दिसत राहते. त्याचे कारण पुढे येईलच.

डब्यात काय असते

रंगाच्या डब्यात सोने नसते हे कोणाला सांगायला नको. पण जे असते ते दोन प्रकारचे, आणि तो फरक माहीत असलेला बरा.

पहिला प्रकार पितळेचा. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची अगदी बारीक पूड वार्निशात किंवा एखाद्या माध्यमात कालवलेली. हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळणारी ‘गोल्ड पावडर’ बहुधा हीच. लावल्या दिवशी याच्याइतकी झळाळी दुसऱ्या कशाला नाही. पण पितळ ते पितळ. मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत ते काळवंडते, कडेकडेने हिरवट होते.

दुसरा प्रकार अभ्रकाचा. अभ्रकाच्या चपट्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो. पाण्यात मिसळणाऱ्या बहुतेक ‘मेटॅलिक’ इमल्शनांत हेच कण असतात. यात गंजण्यासारखे काही नाही, त्यामुळे रंग वर्षानुवर्षे टिकतो. चमक थोडी मऊ, मोत्याच्या अंगाची. कोनाड्याच्या भिंतीला हाच घ्यावा असे माझे मत आहे. पितळी पुडीची झळाळी हवीच असेल तर ती लाकडी देव्हाऱ्याच्या कळसापुरती ठेवावी.

सुटी पूड कशाची आहे हे कळत नसेल तर चिमूटभर पूड बाटलीच्या झाकणात घेऊन वर व्हिनेगर घालावे आणि एक-दोन दिवस ठेवावे. पितळ असेल तर हिरवी-निळी झाक उतरते; अभ्रक तसेच राहते. पूड हाताळताना मास्क बांधावा, पंखा बंद ठेवावा आणि जवळ ज्योत नसावी. धातूची इतकी बारीक पूड हवेत उडाली तर पेट घेऊ शकते, आणि हे काम चालते ती जागा देवघर आहे.

छटा निवडताना दुकानात दाखवलेल्या कागदी तुकड्यावर भरवसा ठेवू नये. मागे मरून असेल तर तांबूस सोनेरी, मागे निळा किंवा हिरवा असेल तर फिकट सोनेरी, हा ढोबळ नियम. पिवळेपणा जितका कमी तितका रंग खानदानी दिसतो. फार पिवळा सोनेरी मिठाईच्या डब्याची आठवण करून देतो.

सामान

आतल्या बाजू सहा चौरस फूट, छत सव्वादोन, बाहेरची पट्टी पावणेतीनच्या आसपास, असे सगळे मिळून अकरा चौरस फूट. म्हणजे जेमतेम एक चौरस मीटर. दोन हातांना पाव लिटरच्या आत रंग लागतो. अर्ध्या लिटरचा एक डबा घेतला तर नमुने करूनही उरतो. दोन छोटे डबे घेतले असतील तर सुरुवातीलाच एका भांड्यात एकत्र करावेत, कारण दोन डब्यांची छटा हुबेहूब जुळेलच असे नाही.

याशिवाय भिंतीची लांबी, म्हणजे वॉल पुट्टी, पाण्यातला प्रायमर, खालच्या हातासाठी गेरू छटेचे मॅट इमल्शन, मागच्या भिंतीसाठी गडद मॅट इमल्शन, १२०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिशपेपर, लांबी भरायची पत्र्याची पट्टी, दोन आणि तीन इंची मऊ केसांचे ब्रश, कोपऱ्यांसाठी अर्धा इंची, चिकट कमी असलेली मास्किंग टेप, मलमलीचा तुकडा, आणि एक बॅटरी. ब्रशात मात्र कंजूषी नको. राठ केसांचा ब्रश सोनेरी रंगात नांगर फिरवल्यासारख्या रेघा सोडतो.

ओल पाहणे

सगळे लोक गणपतीच्या तोंडावर रंगकाम काढतात, आणि भाद्रपदात भिंती पाणी प्यायलेल्या असतात. सोनेरी कामासाठी दिवाळीनंतरचे, कोरड्या हवेचे दिवस चांगले. तरीही खात्री करून घ्यावी. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवावा आणि एक दिवस ठेवावा. काढताना आतल्या बाजूला दव असेल किंवा भिंतीवर काळसर डाग उमटला असेल तर रंगाचा विचार पुढे ढकलावा. कोनाड्यामागे न्हाणीघर किंवा गच्चीचा पाइप असेल तर आधी गळती शोधावी. ओल्या भिंतीवर सोनेरीचेही पोपडे निघतात, आणि ते पांढऱ्या रंगाच्या पोपड्यांपेक्षा जास्त दिसतात. गिलावा नवा असेल तर किमान २८ दिवस तरी मुरू द्यावा.

देव आधी हलवावेत. पाटावर किंवा चौरंगावर स्वच्छ वस्त्र घालून दुसऱ्या खोलीत मांडले की आठवडाभर घाई होत नाही. रोजची पूजा तिथे व्हावी, ज्योतही तिथेच लागावी.

भिंत घोटणे

या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. मॅट पांढरा रंग भिंतीचे खड्डे पोटात घालतो. सोनेरी रंग ते गावभर करतो.

जुना रंग सुटत असेल तर पट्टीने खरवडून काढावा. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा पॉलिशपेपर मारू नये. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. असा थर पाणी लावून ओलाच घासावा, निघालेला गाळ कपड्याने पुसून तो कपडा पिशवीत बांधून टाकावा.

समईची जुनी काजळी असेल तर ती साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवावी. तेलकट काजळीवर प्रायमर धरत नाही, आणि धरला तरी तपकिरी डाग वर येतात.

मग लांबीचा पहिला हात. पट्टी भिंतीला तिरपी धरून पातळ थर ओढायचा. जाड थर एकदम भरला की सुकताना तडकतो. तो पूर्ण वाळला, की १२० नंबरने घासून दुसरा, त्याहून पातळ हात. तो २२० ने घासायचा. मग रात्र होऊ द्यावी. खोलीतले दिवे मालवून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या भिंतीवर टेकड्या आणि दऱ्या दिसू लागतील. दिसेल त्या जागी पेन्सिलीने गोल करावा आणि सकाळी तेवढ्याच जागा भरून पुन्हा घासाव्यात. बॅटरीची ही परीक्षा रंगाऱ्याला आवडत नाही. समोर उभे राहून करून घ्यावी.

कोपऱ्यांच्या धारा सरळ आहेत ना, हेही याच वेळी पाहावे. बाहेरच्या पट्टीची कड वाकडी असेल तर सोनेरी रंगानंतर ती लांबूनही कळते.

धूळ ओलसर कपड्याने टिपून प्रायमरचा एक हात द्यावा. कोनाडा प्लायवुडचा असेल तर लाकडाचा प्रायमर वापरावा आणि सगळे सांधे लांबीने बुजवावेत. प्रायमर वाळल्यावर ३२० ने हलके घासावे, इतके हलके की पेपराचा आवाज येईल पण रंग निघणार नाही.

उठावाची नक्षी, हवी असेल तर

बाहेरच्या पट्टीवर थोडी उठावाची नक्षी असली की सोन्याला धरायला जागा मिळते. तंजावरच्या चित्रांत हा उठाव खडूची पूड आणि डिंकाच्या लगद्याने करतात. आपल्याला अ‍ॅक्रिलिक लांबीत थोडे फेव्हिकॉल कालवून मेंदीच्या कोनात भरता येते. दाटपणा असा हवा की थेंब टाकल्यावर त्याचे टोक बसेल पण पसरणार नाही. ठिपक्यांची एक ओळ, मग सरळ रेघ, मग पुन्हा ठिपके, एवढे पुष्कळ झाले. रांगोळीत हात बसलेल्या बाईला हे काम सोपवावे. कंपासाने आखलेली नक्षी निर्जीव दिसते. ही नक्षी पूर्ण एक दिवस वाळू द्यावी.

खालचा हात

सोनेरी रंग अंगाने पातळ असतो, खालचे सगळे दाखवतो. पांढऱ्या प्रायमरवर थेट लावला तर चार हात देऊनही तो पुठ्ठ्याच्या रंगाचा दिसतो. म्हणून खाली रंगाचा हात लागतो. सोन्याचा मुलामा देणारे जुने कारागीर वर्खाखाली तांबडी माती लावत. सोने जिथे झिजेल तिथून ती ऊब डोकावते. गेरू छटेचे मॅट इमल्शन तेच काम करते. मोहरीसारखा पिवळा खाली असेल तर सोनेरी उजळ आणि सरळ दिसतो, झाकतोही लवकर. काळ्यावर तो थंड आणि जुनाट दिसतो. हॉटेलच्या स्वागतकक्षात शोभेल, देवघरात नाही.

हे शब्दांवर सोडू नये. फूटभर पुठ्ठ्यावर गेरू, मोहरी आणि काळा असे तीन पट्टे ओढावेत, वाळल्यावर तिन्हींवर आडवा सोनेरीचा दोनदा हात द्यावा आणि तो पुठ्ठा रात्री कोनाड्यात, बसवलेल्या दिव्याखाली, उभा करावा. मोबाइलवर फोटो काढून ठरवू नये. कॅमेरा सोनेरीला स्वतःच्या मनाने रंग देतो.

निवडलेल्या रंगाचे दोन हात बाजूंना, छताला आणि पट्टीला द्यावेत. मागच्या भिंतीला गडद रंगाचा पहिला हात याच दिवशी उरकावा. दुसरा हात सगळे सोनेरी काम झाल्यावर. सोनेरीचा शिंतोडा गडद मॅटखाली सहज झाकला जातो, गडदचा शिंतोडा सोनेरीखाली जात नाही.

पट्टीच्या बाहेरच्या कडेला मास्किंग टेप लावावी. टेपची कड नखाने दाबून तिच्यावरून भिंतीच्याच रंगाचा बारीक हात फिरवावा. फटीतून झिरपायचे ते भिंतीचेच झिरपते, आणि नंतर सोनेरी रेघ धारदार निघते.

सोनेरी हात

डबा हलवू नये, फेस होतो. लाकडी पट्टीने तळापासून सावकाश ढवळावे. चमकणारे कण जड असल्याने तळाशी बसलेले असतात. मलमलीतून गाळून घ्यावे. पाणी घालायचेच तर डब्यावर सांगितले असेल तेवढेच. काम चालू असताना दर दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे, नाहीतर सुरुवातीची बाजू फिकी आणि शेवटची गडद होते.

आता या रंगाचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. त्यातले कण चपटे असतात आणि ब्रश ज्या दिशेने शेवटचा फिरेल त्या दिशेने ते आडवे होतात. उजेड परततो तो त्यांच्या बसण्याप्रमाणे. शेजारच्या दोन पट्ट्यांत ब्रश वेगळ्या दिशेने फिरला असेल तर रंग एकच असूनही दोन छटा दिसतात. त्यामुळे एका बाजूचे काम एका दमात पुरे करायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मध्ये फोन घ्यायचा नाही.

आधी छत. मग डावी बाजू, मग उजवी. अर्धा इंची ब्रशने कोपऱ्यांची कड भरून घ्यावी आणि ती ओली असतानाच तीन इंची ब्रशने रंग पसरावा. वरून खालपर्यंत लांब हात ओढून शेवट करावा, सगळे एकाच दिशेने, ब्रशचे फक्त टोक टेकवून. एखादी जागा राहून गेलेली दिसली तरी अर्धवट सुकलेल्या रंगात ब्रश घालू नये. ती दुसऱ्या हातात भरते; आता दुरुस्त करायला गेलात तर कण उखडून तिथे कायमचा डाग बसतो.

पहिला हात वाळला की घरात शोककळा पसरते. ठिपके, पट्टे, खालचा गेरू मध्येच डोकावणारा. हा रंग असाच दिसतो. चार ते सहा तासांनी दुसरा हात, त्याच क्रमाने, त्याच दिशेने. तिसरा क्वचितच लागतो.

नक्षीच्या पट्टीवर रंग भरपूर भरू नये, खाचा बुजतात. वाळल्यावर गडद तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करून नक्षीवर फिरवावा आणि लगेच ओलसर कपड्याने पुसावा. उंचवट्यावरचा निघून जातो, खाचांत राहतो. एवढ्याने पट्टी नवी कोरी न दिसता मुरलेली दिसते.

टेप रंग थोडा ओलसर असतानाच, स्वतःवर मागे दुमडत, सावकाश काढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची सालही निघते. दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीचा उरलेला हात द्यावा, तोही टेप न लावता, आतल्या कोपऱ्याच्या आधाराने हातानेच.

वरचे कवच

अभ्रकी रंगाला गंजाची भीती नाही, पण कोनाड्यात काजळी बसणार, हळदीकुंकवाचे हात लागणार. म्हणून पाण्यातल्या बिनरंगी वार्निशचा एक पातळ हात द्यावा. तो सॅटिन चमकीचा असावा. काचेसारखा चकचकीत थर दिला की सोने प्लास्टिक वाटते. हाही आधी पुठ्ठ्याच्या नमुन्यावर लावून पाहावा, कारण काही वार्निश सोनेरीला दुधाळ करतात.

वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, कोनाड्यात ज्योत लावू नये. नंतरही समई मधोमध आणि थोडी पुढे ठेवावी. बाजूच्या भिंतीला टेकलेली नको. नंदादीप अखंड जळत असेल तर त्याच्या वर एक पितळी ताटली उपडी टांगावी. काजळ धरायला पूर्वी ताटलीच उपडी घालत. इथे ती छत वाचवते आणि दर आठवड्याला घासता येते.

लाकडी देव्हारा असेल तर वर्ख

कोनाडा नाही, नुसता सागवानी देव्हारा आहे, अशांनी अख्खा देव्हारा सोनेरी करू नये. सागाचा रंग सोन्याशेजारी सुंदर दिसतो, तो झाकायचा कशाला? कळस, कमानीची कड आणि खांबांची वेढणी, इतके पुरे. इथे रंगाऐवजी वर्ख लावून पाहावा. खरे सोन्याचे पान साधारण आठ सेंटिमीटर चौरस असते, पंचवीस पानांच्या पुस्तकात मिळते, आणि जाडीला एका मायक्रॉनचा दहावा भाग असते. बोटाने उचलले तर बोटालाच लागून नाहीसे होते. नकली वर्ख पितळेचा, साधारण चौदा सेंटिमीटरचा, जाड आणि हाताळायला सोपा. शिकताना नकलीच घ्यावा.

लाकूड ३२० ने घोटून गेरू रंगाचे दोन हात द्यावेत. त्यावर वर्खाचा चिकट, दुकानात ज्याला ‘साइज’ म्हणतात तो, पातळ आणि एकसारखा लावावा. सुरुवातीला तो दुधाळ दिसतो. पंधरा ते तीस मिनिटांत पारदर्शक होतो. मग बोटाचा सांधा टेकवून उचलावा. चिकट बोटाला न लागता नुसते धरून सोडल्यासारखे वाटले की वेळ झाली. पंखा बंद, खिडकी बंद, हाताला थोडी टाल्कम पावडर. पान वरून अलगद सोडावे, मऊ ब्रशने दाबावे, एकावर एक जरा चढवत जावे. चिरा पडल्या तर त्यातून गेरू दिसेल, दिसू द्यावा. तासाभराने सुटे तुकडे ब्रशने झाडून कापसाने घासावे. नकली वर्खावर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशचे दोन पातळ हात द्यायलाच हवेत, नाहीतर पावसाळ्यात तो काळवंडतो. खऱ्या सोन्याला काही लागत नाही.

नंतरची देखभाल

काजळी मऊ सुक्या कपड्याने, न निघाली तर थेंबभर साबणाच्या पाण्याने पुसावी. दिवाळीच्या सफाईत देवाची भांडी घासायला बसलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: पितांबरी, चिंच, लिंबू यांतले काहीही कोनाड्याला लावायचे नाही. सोनेरी दिसले की घासायला हात जातोच, आणि एका फटक्यात वार्निशसकट रंग उतरतो.

ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी रंग लावू नये. कणांची दिशा जुळत नाही आणि ठिगळ दिसते. ती बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३२० ने हलकी घासून पूर्ण एक हात द्यावा. त्यासाठी उरलेला रंग मोठ्या डब्यात न ठेवता काठोकाठ भरेल अशा छोट्या काचेच्या बरणीत ओतावा, आणि झाकणावर सोनेरीच्या छटेचा क्रमांक, खालच्या हाताचा रंग आणि वार्निश कोणते होते, हे तिन्ही लिहून ठेवावे.